पेटंट, एकस्व आणि स्वामित्वहक्क

धरमपेठेतल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. आठवीतल्या मुलानं निबंधात लिहिलं, ‘निन्टेंडोनं पालवर्ल्डवर स्वामित्वहक्कभंगाचा दावा केला.’ (निन्टेंडो ही व्हिडिओ गेम बनवणारी जपानी कंपनी, पालवर्ल्ड हा दुसऱ्या कंपनीचा गेम.) त्या वाक्यात ‘स्वामित्वहक्क’ चालेल, की ‘एकस्व’, म्हणजे पेटंटचा मराठी प्रतिशब्द, हवा?

बाई, ‘स्वामित्वहक्क’ इथे चालणार नाही. त्या एका शब्दानं खटलाच बदलतो.

पालवर्ल्ड जानेवारी २०२४ मध्ये आला आणि ओरड झाली ती त्यातले प्राणी निन्टेंडोच्या पोकेमॉन गेममधल्या प्राण्यांसारखे दिसतात म्हणून. दिसण्याची नक्कल हा प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा विषय. पण सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनी टोकियोच्या जिल्हा न्यायालयात गेल्या, तेव्हा प्राण्यांचा तोंडवळा बाजूलाच राहिला. दावा तीन पेटंटांवर होता. नेम धरून वस्तू फेकायची, प्राणी पकडायचा, त्याच्यावर स्वार व्हायचं, हे सारं पडद्यावर ज्या रीतीनं घडवलं जातं तिच्यावर. भरपाई मागितली दोघींना प्रत्येकी ५० लाख येन, शिवाय मनाईहुकूम. पुढे पालवर्ल्ड बनवणाऱ्या पॉकेटपेअरनं गोळा फेकून प्राणी बोलावण्याची सोय काढून टाकली, प्राण्याला धरून हवेत तरंगणंही बदललं. म्हणजे बदल करावा लागला तो कृतीत.

आता शब्दांकडे. ‘स्वामित्वहक्क’ हा शब्द आधीच फार राबतोय. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर तो कॉपीराइट असतो, घराच्या कागदांत मालकी असतो, आणि त्याच्याच घरातलं ‘स्वामित्वधन’ खाणीच्या रॉयल्टीला लागतं. त्यात पेटंटही कोंबलं, तर वाचणाऱ्यानं काय समजावं?

‘एकस्व’ सरकारी परिभाषेतून आला म्हणून नाकं मुरडली जातात. मला तो आवडतो. ‘सर्वस्व’, ‘राजस्व’ यांतला ‘स्व’ म्हणजे धन, तोच इथे आहे. एकाचंच धन, तेही मुदतीपुरतं. आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. एक उणीव मात्र मला बोचते. मूळ लॅटिन शब्दात उघडेपणाचा अर्थ आहे. ‘पेटंट’ म्हणजे राजाचं बंद न केलेलं, कुणालाही वाचता येईल असं पत्र. शोध जगापुढे उघडा मांडायचा आणि बदल्यात काही वर्षं मक्ता घ्यायचा, असा तो सौदा. ‘एकस्व’मध्ये मक्ता आला, उघडेपणा मागेच राहिला.

आपल्या नागपूरकरांनी तरी या शब्दांत गल्लत करू नये. पेटंटांची माहिती पुरवणारी केंद्र सरकारची यंत्रणा १९७५ पासून आपल्या गावात आहे, बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था सिव्हिल लाइन्सला आहे. तरी ‘संत्र्याला पेटंट मिळालं’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलंय. संत्र्याला मिळालं ते भौगोलिक मानांकन, म्हणजे एखाद्या भागातल्या खास मालाला मिळणारी ओळख. ‘संत्र्याचं एकस्व’ म्हणून पाहा, चूक कानालाच कळते, कारण संत्रं कुणा एकाचं नाही, इथल्या सगळ्या बागायतदारांचं आहे.

मुलाला आणखी एक सांगा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ प्रमाणे ‘खेळ खेळण्याची पद्धत’ शोध ठरतच नाही. म्हणून टोकियोतल्या दाव्यावरून भारतातही तसंच होईल असं त्यानं लिहू नये.

वाक्य असं करून द्या: ‘निन्टेंडोनं पालवर्ल्डच्या कंपनीवर एकस्वभंगाचा दावा केला.’ ‘पेटंटभंगाचा’ लिहिलं तरी गुण कापू नका, तो शब्द आता मराठीच आहे. इतका की ‘आजोबांचं पेटंट वाक्य’, ‘आईची पेटंट भाजी’ असं आपण सहज बोलतो, आणि तिथे ‘एकस्व’ घालून पाहिलं तर भाजीची चवच जाते.