अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे चाहते टीमच्या जर्सीच्या रंगावरून एवढे का भांडतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा मिशिगन युनिव्हर्सिटीत आहे, तो आणि त्याचे मित्र नव्या जर्सीच्या पिवळ्यावरून आठवडाभर वाद घालतायत, आणि तुम्हाला जुन्या-नव्या दोन्ही फोटोंतला पिवळा सारखाच दिसतो. शिवाय ऑक्टोबरात तुम्ही दोघं मॅचला जाणार आहात, तेव्हा काय घालावं हेही विचारलंय. दोन्हींचं उत्तर देतो.

त्या रंगाला तिथे कोणी पिवळा म्हणत नाही. त्याचं नाव 'मेझ', म्हणजे मका. पिकलेल्या कणसाच्या दाण्याचा, थोडा केशरीकडे झुकणारा रंग. तोच लिंबाकडे झुकला की चाहते म्हणतात, हा हायलायटर पेनचा रंग झाला. आमसुली, डाळिंबी आणि राणी या तिन्हींना कोणी सरसकट 'लालच की' म्हटलं तर साडी घ्यायला आलेली बाई जे म्हणेल, तेच तुमचा मुलगा म्हणतोय, आणि त्याचं बरोबर आहे.

रंगाचे नंबर ठरलेले असतात. पॅन्टोन ही छपाईच्या रंगांना नंबर देणारी पद्धत. तिच्यात टेनेसी युनिव्हर्सिटीचा केशरी पॅन्टोन १५१, अगदी संत्र्याच्या सालीसारखा. टेक्सस युनिव्हर्सिटीचा पॅन्टोन १५९, भाजलेल्या विटेकडे जाणारा. दोघांनाही 'ऑरेंज' म्हणतात, पण टेक्ससच्या माणसाला टेनेसीचा शर्ट दिला तर तो घालणार नाही. मग नंबर ठरलेला असताना बिघडतं कुठे? हे नंबर मुळात कागदावरच्या शाईचे आहेत आणि गणवेश तीन वेगळ्या वस्तूंचा असतो. हेल्मेट कडक प्लास्टिकचं, त्यावर रंगाचा थर. जर्सी पॉलिएस्टरची, कापडातच रंग मुरवलेला. पँट ताणली जाणाऱ्या चकचकीत कापडाची. एकच छटा चकचकीत कापडावर फिकी दिसते, बारीक छिद्रं असलेल्या कापडावर गडद दिसते, आणि घामानं ओली झाली की आणखी गडद. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेले ब्लाउजपीस आणि साडी दारात उन्हात नेल्यावर फटकून दिसतात, तसंच इथे होतं: दुपारच्या उन्हात जुळलेलं हेल्मेट आणि पँट रात्रीच्या फ्लडलाइटखाली वेगळी पडतात. सर्वांत जास्त फजिती सोनेरी रंगाची होते. धातूची चमक हेल्मेटवर आणता येते, कापडावर येत नाही, म्हणून सोनेरी पँट कधी मोहरीसारखी तर कधी थेट खाकी दिसते. नोत्र दाम युनिव्हर्सिटीच्या हेल्मेटवरच्या सोन्याचं एवढं कौतुक होतं त्यामागे हेच कारण आहे, आणि त्यांच्या पँटच्या रंगावर दरवर्षी बोललं जातं त्यामागेही.

गणवेश पुरवणारी कंपनी बदलली की कापड बदलतं, रंगवायची पद्धत बदलते आणि छटा सरकते. पिवळ्यात चमकणारा फ्लुरोसंट रंग थोडा जरी मिसळला तरी कापड उन्हात स्वतः उजेड दिल्यासारखं दिसतं. तुमच्या मुलाचा वाद बहुधा यावरच असणार.

रंग न टिकणं हे दुखणं फार जुनं आहे. पेन स्टेट युनिव्हर्सिटीचे मूळ रंग गडद गुलाबी आणि काळा होते, १८८७ साली ठरलेले. उन्हानं आणि धुण्यानं गुलाबी पांढरा पडला, तेव्हा १८९० मध्ये त्यांनी निळा-पांढरा घेतला. टेक्ससचा पूर्वीचा तेजस्वी केशरी मोसम संपेपर्यंत पिवळट होई आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंना 'पिवळ्या पोटाचे', म्हणजे भेकड, असं चिडवत. कोच क्लाइड लिटलफील्डनं १९२८ मध्ये गडद विटकरी केशरी जर्सी मागवल्या. पुढे तो रंग मागे पडला आणि १९६२ मध्ये कोच डॅरेल रॉयलनं परत आणला. आज ज्या छटेसाठी लोक जीव टाकतात, ती रंग विटतो म्हणून निवडलेली आहे.

आता चांगला गणवेश कोणता. माझी कसोटी एकच: शेवटच्या रांगेतून, नाव न वाचता, टीम ओळखता आली पाहिजे. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे, तेव्हा शेवटची रांग किती दूर असेल याचा अंदाज करा. तिथून जर्सीवरची बारीक नक्षी, बाहीवरचा लोगो, काही दिसत नाही. दिसतं ते हेल्मेट, पँटचा रंग आणि पाठीवरचा आकडा. मिशिगनच्या हेल्मेटवरची पिवळ्या पंखांची नक्षी कोच फ्रिट्झ क्रिसलरनं १९३८ मध्ये आणली. या खेळात चेंडू हातानं फेकतात, आणि फेकणाऱ्याला लांबवर पळणारा आपला गडी चटकन ओळखता यावा हा त्यामागचा हेतू होता. ती शोभा आधी कामाची वस्तू होती, म्हणून इतकी वर्षं टिकली.

आकड्यांचंही तसंच. नियमानुसार आकडा पुढे किमान ८ इंच आणि मागे किमान १० इंच उंच हवा, आणि त्याचा रंग जर्सीच्या रंगापासून स्पष्ट वेगळा हवा, नुसती किनार वेगळी असून भागत नाही. राखाडीवर चंदेरी किंवा काळ्यावर गडद लाल आकडे फोटोत देखणे वाटतात. मैदानावर मात्र कोणाच्या हातात चेंडू आहे तेच कळत नाही. दरवर्षी निघणाऱ्या 'खास' जर्सींपैकी निम्म्याअधिक मला याच कारणासाठी आवडत नाहीत.

चाहत्यांना बदल चालत नाही असं मात्र नाही. नोत्र दामनं २२ ऑक्टोबर १९७७ ला लॉस एंजेलिसच्या युएससी युनिव्हर्सिटीविरुद्धच्या मॅचआधी निळ्या जर्सीत सराव केला, आत जाऊन हिरव्या घालून बाहेर आले आणि ४९-१९ नं जिंकले. त्या हिरव्याचं नाव आजही आदरानं काढतात. ऑरेगनला नायकीच्या मदतीनं नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून सतत नवे गणवेश मिळत गेले. 'रोज नवं' हीच त्यांची ओळख झाली, आणि टीममध्ये भरतीला येणाऱ्या खेळाडू मुलांना ते आवडतं. मेरिलँडनं ५ सप्टेंबर २०११ ला मियामीविरुद्ध राज्याच्या ध्वजाची नक्षी हेल्मेटवर आणि खांद्यांवर चढवली: एका बाजूला काळा-सोनेरी, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरा. पुष्कळांनी नाकं मुरडली. मला तो गणवेश आवडतो, कारण तो दुसऱ्या कोणत्याही राज्याला घालता येणार नाही. नुसता काळा गणवेश कोणालाही घालता येतो, आणि ज्या कॉलेजच्या रंगांत काळा नाहीच, त्यानं काळा घातला की चाहत्यांचा राग योग्य असतो.

पांढऱ्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. सहसा यजमान टीम रंगीत आणि पाहुणी टीम पांढरी जर्सी घालते. लुइझियाना राज्यातल्या एलएसयू युनिव्हर्सिटीचं उलट आहे. १९५८ मध्ये ते घरच्या मैदानावर पांढऱ्यात खेळले आणि राष्ट्रीय विजेते ठरले, तेव्हापासून तीच प्रथा. १९८३ मध्ये नियमानं ती बंद पडली. कोच गेरी डिनार्डोनं पाठपुरावा करून १९९५ मध्ये ती परत मिळवली. युएससी आणि युसीएलए हे लॉस एंजेलिसचे शेजारी तर दोघंही आपापल्या रंगात उतरतात. २००८ मध्ये त्यासाठी युएससीनं एक टाइमआउट, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवायची मुभा, दंड म्हणून गमावला, आणि पुढच्या वर्षी नियम बदलला: रंग नीट वेगळे असतील आणि दोन्ही टीम कबूल असतील तर चालेल. लाल-सोनेरीसमोर फिका निळा, हिरव्यागार गवतावर. कॉलेज फुटबॉलमधलं याहून सुंदर दृश्य मला माहीत नाही.

आता तुमच्या कपड्यांचं. नवरात्रात आजचा रंग कोणता हे बघून लोक लोकलला निघतात, तशीच पद्धत इथेही आहे. काही मॅचना सगळ्यांनी मेझ घालायचं असं आधी जाहीर होतं. तिकिटाची तारीख मुलाला सांगून आधी ते विचारून घ्या. काही जाहीर नसेल तर मेझ किंवा गडद निळा, दोन्ही चालतात. लाल आणू नका, तो ओहायो स्टेटचा. हिरवा-पांढराही नको, तो मिशिगन स्टेटचा. दोन्ही मिशिगनचे कट्टर प्रतिस्पर्धी. तुमच्या मनात काही नसलं तरी शेजारचे तसा अर्थ लावतील.

ऑक्टोबरात थंडी असते, आणि पाहुण्यांची नेहमीची चूक म्हणजे मेझ टी-शर्टवर काळं जॅकेट. रंग वरून दिसायला हवा. स्वेटर आत, टी-शर्ट किंवा जर्सी वर, असं घालायचं असल्यामुळे नेहमीपेक्षा एक माप मोठं घ्या. विकत घ्यायच्या आधी शर्ट दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उजेडात बघा. आकडे शिवलेले असतील तर जर्सी महाग पडते पण वर्षानुवर्षं टिकते. उष्णतेनं चिकटवलेले आकडे स्वस्त, पण घडीवर तडकतात.

धुताना जर्सी उलटी करून गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. ड्रायरमध्ये टाकू नका, इस्त्री तर आकड्यांवर अजिबात फिरवू नका. पॉलिएस्टरमधला रंग उष्णतेनं सुटतो आणि वरच्या छापील थरात शिरतो. लाल जर्सीवरचे पांढरे आकडे त्यामुळे गुलाबी होतात, आणि मिशिगनच्या निळ्या जर्सीवरचा मेझ आकडा हिरवट, मळका पडतो. तो डाग मग कशानंही निघत नाही.