पानगळ पाहायला आपल्या इकडे कधी जायचं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

दसरा झाला की फिरायच्या प्रश्नांची पत्रं वाढतात, यंदा त्यातली बरीचशी झाडांच्या रंगाबद्दल आहेत, म्हणून हा पूर्ण महिना त्यालाच दिला.

ताई, माझी भाची अमेरिकेत राहते, दर ऑक्टोबरला लाल-पिवळ्या झाडांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकते. घरचे म्हणतात दसरा-दिवाळीच्या मधात आपणही एक दिवस गाडी करून असंच पाहून येऊ. चिखलदऱ्याला दिसन का? – दर्यापूर तालुका

चिखलदऱ्याला जरूर जा, पण लाल झाडं पाहायची म्हणून ऑक्टोबरात जाऊ नका, हिरमोड होईल. त्या वेळी तिथं सगळं हिरवंगार राहते, पाऊस नुकताच गेलेला असतो, सकाळी दरीतून धुकं वर येते, ते पाहायला म्हणून गेलात तर दिवस सार्थकी लागेल.

फरक असा आहे भाऊ, की तिकडचं झाड पान टाकते थंडीमुळं आणि आपल्या इकडचं टाकते पाण्यामुळं. तिकडं सप्टेंबर संपता संपता दिवस लहान होतो, रात्री गारठायला लागतात, मग झाड पानातलं हरितद्रव्य मोडते, कामाचं तेवढं आत ओढून घेते आणि देठाशी पानाचा संबंध तोडायला लागते. हिरवा गेला की पानात पहिल्यापासूनच असलेला पिवळा उघडा पडतो. लाल मात्र आधी नसतो, तो पान शेवटच्या दिवसांत नव्यानं बनवते, आणि दिवसा लख्ख ऊन, रात्री गारवा पण गोठेल इतका नाही, असं जमून आलं तर तो जास्त खुलतो. म्हणून भाचीचे एका वर्षीचे फोटो भडक आणि दुसऱ्या वर्षीचे फिके येत असतील तर नवल नाही.

आपल्या इकडे ऑक्टोबरात जमिनीत ओल भरपूर, झाडानं पान काहून टाकावं? ओल सरते माघ-फाल्गुनात, आपली पानगळ तेव्हाची. तरी ऑक्टोबरातच पाहायचं असेल तर सोयाबीनच्या वावरात चला. कापणीला आलेलं सोयाबीन नीट पाहिलं का कधी? पानं पिवळी पडतात, मग पूर्ण वावर पिवळं होते आणि थोड्याच दिवसांत पानं खाली, नुसत्या शेंगा उभ्या. भाचीकडच्या मेपल नावाच्या झाडाच्या पानात हिरवा जाऊन पिवळा उघडा पडतो, तसंच हे आहे. (अर्ध्या पिकातच चट्टेपट्टे येऊन पिवळं पडलं तर तो मोझॅक रोग, त्याला कृषी सहायकाला बोलवा.)

आणि झेडपीच्या शाळेत देशी बदामाचं झाड राहते ना, रुंद पानाचं, त्याच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत लेकरांना घेऊन जा. गळायच्या आधी पान लालबुंद होते. एक उचलून उन्हाकडे धरा, मधली शीर पिवळी, बाजूला लाल, कुठंतरी कोपऱ्यात अजून हिरवा अडकून राहिलेला. तोच फोटो काढून भाचीला पाठवा.

आमच्या शिवेला लागून सागाचं जंगल आहे. सप्टेंबरच्या शेवटी पूर्ण डोंगर तांबडा झाला. पोरगा म्हणते पानगळ लागली, रील बनवाले मित्र बोलावून राहिला. गावातले म्हणतात कोणी औषध मारलं. खरं काय? – घाटंजी तालुका

दोन्ही नाही, ही अळी आहे. एक पान तोडून आभाळाकडे धरा, चाळणीसारखं दिसेल. शिरा सगळ्या शाबूत आणि त्यांच्या मधातलं हिरवं तेवढं खाल्लेलं, अगदी विणलेल्या जाळीसारखं. एका लहान पतंगाची ही अळी, पावसाळा सरत आला की ती वाढते आणि मग दुरून डोंगर जळाल्यासारखा दिसतो. मोठं झाड यानं मरत नाही, त्या वर्षीची वाढ तेवढी कमी होते. जंगलात पाखरं, कोळी, गांधीलमाश्या या अळीला खातातच, तुम्ही फवारा घेऊन जाऊ नका. रील बनवायचीच असेल तर पोराला म्हणा त्या जाळीच्या पानातून ऊन येतं ते जवळून घे, फार सुंदर दिसते, आणि खाली खरं काय ते लिही.

सागाची खरी पानगळ नंतर, थंडी सुरू झाल्यावर हळूहळू, आणि मार्चपर्यंत बराचसा साग उघडा पडतो. तेव्हा सागाखालून चालून पाहा, पापडाच्या ढिगावरून चालल्यासारखा आवाज येते, हरणाला लपून जाताच येत नाही. मुरमाड टेकडीवरचा साग आधी झडतो आणि नाल्याकाठचा उशिरा, कारण तेच, पाणी. अमेरिकेतले लोक डोंगर किती उंच ते पाहून रंगाचा अंदाज बांधतात, आपण नाला किती दूर ते पाहायचं.

आम्ही दोघं ऑक्टोबरात मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन राहिलो. मुलाला शनिवार-रविवारच सुट्टी. यांचे गुडघे दुखतात, चढण जमत नाही. एका दिवसात जाऊन येता येईल असं काही सांगा. – सेलू, वर्धा जिल्हा

काकू, तुमची वेळ चांगली जुळली आहे. न्यू जर्सीच्या उत्तर भागात रंग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत भरात राहतो, दक्षिणेकडे त्याच्या मागून. नियम सोपा, उत्तरेला आणि उंचावर आधी, खाली आणि समुद्राकडे नंतर. म्हणजे पहिल्या शनिवारी लांब उत्तरेला जा आणि शेवटच्या शनिवारी घराजवळच्या पार्कात.

काकांच्या गुडघ्यांसाठी हाय पॉइंट स्टेट पार्क चांगलं, ते राज्यातलं सर्वात उंच ठिकाण आहे, १,८०३ फूट, म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या निम्मंच, पण गाडी वरपर्यंत जाते आणि वरून तीन राज्यं दिसतात. दुसरं डेलावेअर वॉटर गॅप, तिथं नदीनं डोंगर कापून वाट काढली आहे, नदीकाठच्या रस्त्यानं गाडीतूनच दोन्ही बाजूचे रंगलेले उतार दिसतात. मुलगा म्हणेल आई, इथला माउंट टॅमनी डोंगर चढू. नाही म्हणा, ती वाट खडकाळ आणि उभी आहे, त्याला त्याच्या मित्रांसोबत जाऊ द्या. तिसरं न्यूयॉर्क राज्यातलं बेअर माउंटन, तिथंही वर गाडीरस्ता आहे, पण ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी तिथं पोळ्याच्या बाजारासारखी गर्दी, सकाळी लवकर पोचलात तरच पार्किंग मिळेल. मुलानं रजा टाकून मंगळवार-बुधवार काढला तर सगळ्यात बरं.

व्हर्जिनियातला स्कायलाइन ड्राइव्ह मुलगा नक्की सुचवेल, शेनांडोआ नॅशनल पार्कच्या माथ्यावरून १०५ मैल जाणारा रस्ता, सुंदरच आहे, पण तिथं वेगमर्यादा ताशी ३५ मैल आणि न्यू जर्सीहून जाणंयेणं धरलं तर एका दिवसाचं काम नाही. एक मुक्काम धरा किंवा सोडून द्या.

आता झाडं ओळखायची म्हणजे मजा दुप्पट. पंजासारखं पान आणि लाल-नारिंगी तो मेपल, पिवळा आणि पांढऱ्या सालीचा बर्च, आणि सगळ्यात शेवटी तांबूस-तपकिरी होतो तो ओक. ओक पुष्कळदा नोव्हेंबरपर्यंत पानं धरून राहतो, तेव्हा उशीर झाला तरी हात हलवत परत यावं लागत नाही. ढगाळ दिवस असला तर बेत मोडू नका, पाऊस पडून गेल्यावर ओल्या काळ्या खोडांवर रंग अजून उठून दिसतो, फक्त जोराचा वारा सुटला तर एका रात्रीत पानं खाली येतात.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. तिकडच्या पाचोळ्यात हरणावरची बारीक गोचीड राहते, आपल्या बैलाच्या गोचिडापेक्षा कितीतरी लहान, तिच्यानं लाइम नावाचा आजार होतो. पाचोळ्यात बसून फोटो काढायचा मोह होतोच, पण साडीऐवजी पायजमा घाला, तो मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत, कानामागं पाहून घ्या. चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची, तेल-रॉकेल लावत बसायचं नाही, आणि मग पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टर. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं जाते, त्यानंतर पाच वाजताच अंधारून येते, परतीचा हिशोब तसा ठेवा.

आमच्या बचत गटाच्या पंधरा जणी आहोत. कापूस वेचणी झाली, हरभरा घरात आला की एक दिवस फिरायला जायचं ठरलं आहे, गाडी भाड्यानं करू. जंगल पाहाले कोणता दिवस चांगला? स्वयंपाक तिथंच करायचा विचार आहे. – चांदूर बाजार तालुका

हे पत्र वाचून फार बरं वाटलं. तुमचा हरभरा निघतो आणि जंगलाचा रंग भरात येतो, दोन्ही एकाच वेळी, म्हणून तारीख मी सांगते. होळी ते गुढीपाडवा, यातला कोणताही दिवस. होळीच्या जवळ गेलात तर पळस भरात, पाडव्याकडे गेलात तर कुसुम. मधला दिवस धरला तर दोन्ही थोडं थोडं.

सकाळी सहाला निघा, परतवाड्याहून घटांगवरून सेमाडोहचा रस्ता धरा. मेळघाट हा १९७४ चा व्याघ्र प्रकल्प, देशातल्या पहिल्या नऊपैकी, आत गेटमधून जायचं तर आधी बुकिंग करावं लागते, पण हा रस्ताच जंगलातून जातो. सपाटीवर बांधाबांधावर पळस दिसेल, एकही पान नाही आणि पूर्ण झाड केशरी. घाट लागला की उतारावर बिनपानाची, पांढरीफटक कुलूची झाडं, चांदण्यात पाहिलं तर खरंच दचकायला होते. धावड्याकडे लक्ष द्या, गळायच्या आधी त्याचं पान तांबूस होते, रंगाच्या बाबतीत मेपलच्या सगळ्यात जवळचं आपल्या इकडे तेच म्हणा, पण ते होळीआधी जास्त दिसते.

आणि मग कुसुम. मागच्या वर्षी मी त्याच रस्त्यानं जात होते, दोन्हीकडे राखाडी, वाळकं, आणि वळणावर एकदम एक झाड पेटल्यासारखं लाल. गाडी थांबवून खाली उतरले. जवळून पाहिलं तर फूल एकही नाही, सगळी पानंच, ओल्या साबणासारखी मऊ, देठापासून खाली लोंबलेली, बोटांत धरली तर थंड लागली. ती नुकती जन्मलेली पानं होती. कोवळ्या पानाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून झाड तिथं लाल रंग भरते, पुढं पान जून होते तसा लाल जाऊन हिरवा येतो. तिकडं लाल रंग पान जाताना येतो, आपल्या इकडे पान येताना, आणि तेही कडक उन्हाळ्यात, पावसाला अजून तीन महिने असताना. मोहाची आणि पिंपळाची कोवळी पानंही अशीच तांब्यासारखी, ती तर गावातच पाहता येतील.

सेमाडोहला सिपना नदी आहे, काठावर अर्जुनाची झाडं, तिथं सावली मिळेल, डबे तिथं खा. पण स्वयंपाक नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, सगळी पानगळ खाली वाळून पडलेली राहते आणि एका ठिणगीत डोंगरच्या डोंगर जातो. चूल नको, बिडी नको, गाडीवाल्या दादालाही सांगून ठेवा. भाकरी, ठेचा, झुणका घरून बांधून न्या, तो थंड झाला तरी गोडच लागतो. तुमच्यातल्या कोणी मोहफुलं वेचत असाल तर झाडाखालचा पाचोळा जाळू नका, झाडून बाजूला करा नाहीतर जुनी लुगडी अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतात. जाळलेल्या जागी त्या वर्षीची कोवळी रोपं सगळी जातात, मग पुढच्या पिढीला मोह कुठून येणार?

भंडारा-गोंदियाकडच्या बायांनी याच दिवसांत नागझिऱ्याला जावं. चंद्रपूरकडच्यांना ताडोबा जवळ, फक्त कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद राहतो ते ध्यानात ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत एकदाच लांब जायला मिळते. खरी पानगळ भारतात कुठं? – पुसद

काश्मीर. तिथं या ऋतूला हरुद म्हणतात, चिनार साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लाल-सोनेरी राहतो. श्रीनगरला निशात बाग आणि काश्मीर विद्यापीठातली नसीम बाग, दोन्हीकडे जुने मोठे चिनार आहेत. सकाळी लवकर जा, झाडूवाले यायच्या आत. स्वेटर प्रत्येकी दोन.

ताई, मी सहावीत आहे. मामानं अमेरिकेतून मेपलचं पान आणलं होतं, लाल होतं, आता तपकिरी झालं. रंग कसा टिकवायचा? – तुमसर तालुका

बाळा, पूर्ण टिकत नाही, उजेडानं लाल उडतोच, पण बरेच दिवस ठेवता येतो. पान ओलसर असतानाच, कडक व्हायच्या आधी, दोन वर्तमानपत्रांच्या मधात ठेव, वर जाड पुस्तकं ठेव, पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदल, नाहीतर बुरशी येते. वाळल्यावर वहीत चिकटव आणि वही उन्हात ठेवू नको. आता असं कर, जानेवारी-फेब्रुवारीत तुझ्या शाळेतल्या बदामाचं एक लाल पान घे, मार्चमध्ये कोणाला सांगून कुसुमाचं खाली पडलेलं एक पान आणव, आणि मामाचं ते तपकिरी पानही फेकू नको, तिन्ही वहीच्या एकाच पानावर लाव. खाली झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिही, आणि मग त्याचा फोटो मला पाठव.