सर्व्हेचा निकाल आलाय, पण वेळ कुठे आहे?

"मॅडम, सर्व्हे झाला, निकाल आला, आता एचआर म्हणतं ॲक्शन प्लॅन द्या. इथं धड जेवायला मिळत नाही, प्लॅन कधी करू?"

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सुपरवायझर, नर्सिंगच्या इन्चार्ज, बँकेचे शाखाधिकारी. हा सर्व्हे म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांना कामाबद्दल काय वाटतं ते निनावी विचारायचं. गेल्या काही वर्षांत हे गाऱ्हाणं इतक्या जणांकडून ऐकलं की त्यावर लिहायचं ठरवलं. त्यातल्या एकाची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून सांगते.

अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातले हे प्रॉडक्शन मॅनेजर. हाताखाली तीन शिफ्ट मिळून चाळीसेक माणसं. माझ्याकडे समुपदेशनाला आले ते झोप लागत नाही म्हणून. सर्व्हेचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला. 'मी सुचवलेल्या गोष्टींवर कार्यवाही होते' या विधानाला त्यांच्या विभागाने 5 पैकी सरासरी 2.1 गुण दिले होते. खाली एक निनावी प्रतिक्रिया होती: 'सांगून उपयोग नाही, म्हणून सांगत नाही.'

"हे कोणी लिहिलंय ते मला कळलंय," ते म्हणाले. "नाव नसलं तरी भाषेवरून कळतं."

"बरं, कळलं. मग त्याचं काय करणार?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काही नाही. पण तो समोर आला की तेच वाक्य आठवतं."

निकालाचा तो कागद त्यांच्या पाकिटात होता. घडी इतकी मऊ पडली होती की दुमडीवरची अक्षरं पुसट झाली होती. वेळ नाही हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या दिवसांत ते रात्री दहाला घरी पोचायचे. तरीही हा कागद त्यांनी तीन आठवड्यांत वीस-पंचवीसदा तरी वाचला असणार. वाचायला वेळ मिळत होता आणि त्यावर माणसांशी बोलायला मिळत नव्हता, म्हणजे अडत होतं ते घड्याळापाशी नाही, हे मला तिथे दिसलं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. घटनेपेक्षा आपण तिला चिकटवलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे तिचं मूळ. म्हणून पुढच्या भेटीत एकच प्रश्न विचारला.

"2.1 गुण कोणाला मिळाले?"

"मला. आणखी कोणाला?"

"विधान मोठ्याने वाचा."

त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा, सावकाश वाचलं. "कार्यवाही होते..." आणि थांबले. "हे माझ्याबद्दल नाहीच. कार्यवाहीबद्दल आहे."

"अशी एखादी सूचना आठवते, जिचं पुढे काही झालं नाही?"

तेव्हा त्यांनी रजिस्टरची गोष्ट सांगितली. शिफ्ट बदलताना ऑपरेटर एका लांब वहीत मशीनची तक्रार लिहितात. तारीख, मशीन नंबर, तक्रार आणि शेवटचा रकाना 'कार्यवाही'. मशीन 7 च्या दाराचं सील खराब, कूलंट गळून फरशी निसरडी होते, अशी नोंद मार्चपासून नऊ वेळा होती. शेवटचा रकाना नऊही वेळा कोरा. मेंटेनन्सला तोंडी सांगितलं होतं, सील मागवायचंही ठरलं होतं, पण ते लिहिणाऱ्याला कोणी कळवलंच नव्हतं.

"मॅडम, आठ वर्षांपूर्वी त्याच मशीनवर मी होतो," ते म्हणाले. "मीसुद्धा हेच लिहिलं असतं."

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत, आणि आला की मी मध्ये बोलत नाही. 'हे कोणी लिहिलं' या प्रश्नातून ते त्या दिवशी सुटले. पुढच्या भेटीत ऑपरेटरचं नाव निघालंही नाही.

डेट्रॉइट एडिसन या अमेरिकेतल्या वीज कंपनीत 1940 च्या दशकाच्या अखेरीस मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठा कर्मचारी सर्व्हे केला होता. पुढे त्यांच्यातल्याच फ्लॉइड मान यांना दिसलं की ज्या विभागांत साहेब आणि माणसं एकत्र बसून आपापल्या निकालावर बोलली, तिथे बदल जास्त झाला. हे मी त्यांना सांगितलं, कारण चौदा कलमी प्लॅन लिहावा लागेल याचंच त्यांनी ओझं घेतलं होतं.

आम्ही ठरवलं ते इतकंच. वेगळी मीटिंग नको. शिफ्ट बदलताना दोन्हीकडची माणसं हजर असतात, तेव्हाची दहा मिनिटं घ्यायची. सगळ्या निकालातला एकच मुद्दा, तोही वरच्या मंजुरीशिवाय सुटेल असा. सुरुवातीलाच खुलासा द्यायचा नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. "2.1 आलेत. याचं एक उदाहरण सांगा," एवढं म्हणून गप्प बसायचं. प्रतिक्रिया शब्दशः वाचून दाखवायच्या नाहीत. दहा-बारा जणांच्या शिफ्टमध्ये वाक्याच्या धाटणीवरून माणूस ओळखू येतो, आणि एकदा ओळखला गेला की पुढच्या सर्व्हेत सगळे मधल्या खुणेवर टिक करून मोकळे होतात.

पगार, ओव्हरटाइम, कंत्राटी मुलांना कायम करणं हे विषय निघणारच. तिथे 'बघू' म्हणू नका. हे माझ्या हातात नाही, अमुक साहेबांकडे पाठवलंय, अमुक तारखेला काय उत्तर आलं ते सांगतो, असं म्हणा. आणि त्या तारखेला उत्तर आलं नसेल तर 'आलं नाही' हेही सांगा. कारणासकट दिलेला नकार माणसं पचवतात, कोरा रकाना त्यांना पचत नाही. काम झालं की ते सर्व्हेत निघालं होतं म्हणून झालं, हेही बोलून दाखवा. तुम्हाला उघड वाटतं, त्यांना तसा संबंध लागत नाही. महिना-दीड महिन्याने तोच एक प्रश्न तोंडी विचारा, पुढच्या वर्षाची वाट बघू नका.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत कोणीच बोललं नाही म्हणून ते खचून आले होते. मी म्हटलं, जायचं तसंच जात राहा. चौथ्या दिवशी रात्रपाळीचा एक पोरगा म्हणाला, "भाऊ, वहीत लिहिलेलं तुम्ही वाचता का?"

झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, त्यावर काम चालू आहे. गेल्या महिन्यात त्यांनी रजिस्टरच्या एका पानाचा फोटो पाठवला. मशीन 7 ची दहावी नोंद. कार्यवाहीच्या रकान्यात त्यांचं अक्षर: 'सील मागवलं, गुरुवारी येईल.' मग 'गुरुवारी' खोडून 'शनिवारी', बाजूला सही. त्याखाली दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात, पेन्सिलने: 'आलं.'