पोट आणि स्टिअरिंग यांच्यातली चार बोटं

जुनी पिकअप घेताना माणूस बॉनेट उघडून बघतो, चासीखाली वाकून गंज बघतो, पत्र्यावर टिचकी मारून बघतो. आपण स्वतः आत मावतो का, हे तेवढं बघायचं राहतं. मग पहिल्याच लांबच्या फेरीत गुडघे कुरकुरायला लागतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न याच दुखण्याचे होते, म्हणून एकत्रच घेतले.

प्रश्न : माझी १९५१ ची शेवरोले ३१०० आहे. उंची सहा फूट दोन इंच, अंगानंही मी भारी. सीट पार मागे सरकवली तरी पोट स्टिअरिंगला घासतं. सगळे म्हणतात, १५ इंची स्टिअरिंग बसव, काम होईल. होईल का?

थोडं होईल, पण त्या उपायाला शेवटी हात घाला. हिशोब करून बघा. मूळ स्टिअरिंग जवळपास १८ इंचांचं. १५ इंची बसवलंत की व्यास ३ इंचांनी घटतो, पण पोटाच्या बाजूला त्यातला दीडच इंच येतो. शिवाय नव्या स्टिअरिंगला अडॅप्टर, म्हणजे मधला जोडतुकडा, लागतो आणि त्याची जाडी स्टिअरिंगला तुमच्याकडेच ढकलते. मधून खोलगट, कड पुढे आलेलं स्टिअरिंग दिसायला रुबाबदार असतं, पण ते घेतलंत तर मिळालेला दीड इंच तिथेच गेला. आणि पॉवर स्टिअरिंग नसेल तर तेवढंच वळवायला हाताला सुमारे २० टक्के जास्त जोर लागणार. १८ भागिले १५, साधा तरफेचा हिशोब. चालत्या गाडीत ते फारसं कळणार नाही, जागच्या जागी वळवताना खांदे भरून येतील.

आधी सीट बाहेर काढा. या गाड्यांतली बरीचशी जागा नंतरच्या गादीवाल्यांनी खाल्लेली असते, असं माझं मत आहे. माझ्या पिकअपची सीट मी उसवली तेव्हा वर काळं रेग्झिन, त्याखाली दोन इंची फोम, त्याखाली चौकड्यांचं जुनं कापड, मग पिवळा पडून गोळे झालेला कापूस आणि तळाशी मूळ स्प्रिंगा, अशी उतरंड निघाली. आधीचं काढायचे कष्ट कोण घेतो? प्रत्येकानं आपला थर वर चढवलेला. पाठीचे सगळे थर उतरवून स्प्रिंगांवर इंचभर घट्ट फोम घातला आणि मी जवळजवळ तीन इंच मागे गेलो. वेल्डिंग नाही, कुठे भोक पाडणं नाही.

उसवायच्या आधी मापं मात्र घ्या. रोजचे बूट घालून बसा, क्लच पूर्ण दाबा आणि दुसऱ्या माणसाकडून चार अंतरं मोजून घ्या: पोट ते स्टिअरिंगची कड, मांडी ते कड, गुडघा ते डॅश, डोकं ते छत. क्लच तळाला टेकल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. मग सीट काढून तिच्या जागी एक लाकडी खोकं ठेवा, त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, पाठीमागे फळीचा तुकडा. एकेक गठ्ठा कमी करत, फळी सरकवत बसून बघा. जिथे अंग सैल पडेल तिथे खडूनं खूण करा. अर्ध्या तासात कळतं की तुम्हाला नक्की कुठे सरकायचंय.

पोटासाठी मागे, मांड्यांसाठी खाली, एवढं त्यात ध्यानात ठेवायचं. या गाड्यांचं स्टिअरिंग बसच्या स्टिअरिंगसारखं आडवं पडलेलं असतं. सीट नुसती खाली घेतली तर मांड्या सुटतात, डोकं छताला लागत नाही, पण पोटात रुतणारी कड आता बरगडीला लागते.

यात सुरक्षेचाही भाग आहे. धडकेत आत दबणारा स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंग ज्यावर बसतं तो दांडा आणि त्याची नळी) जनरल मोटर्सनं १९६७ च्या मोटारींमध्ये आणला. तुमच्या गाडीत स्टिअरिंग बॉक्सपासून (चाकं वळवणाऱ्या गिअरच्या पेटीपासून) थेट छातीकडे रोखलेला अखंड पोलादी दांडा आहे. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत २५ सेंटिमीटर तरी ठेवा. हा आकडा एअरबॅग असलेल्या गाड्यांसाठी सांगितला जातो, पण एअरबॅग नाही म्हणून तो कमी करावा असं काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न : १९७२ ची शेवरोले सी-१०. सीटच्या मागे पेट्रोलची टाकी आहे. ती काढून मागे हौद्याखाली बसवली तर किती जागा मिळेल? आणि ते घरच्या घरी जमेल का?

तुमच्या गाडीला यापेक्षा चांगला उपाय नाही. शेवरोलेनं १९४९ पासून टाकी केबिनमध्ये आणली, फोर्डच्या १९६७ ते १९७२ च्या एफ-१०० मध्येही ती सीटच्याच मागे असते. १९७३ च्या नव्या पिकअपमध्ये जनरल मोटर्सनं ती केबिनबाहेर नेली खरी, पण चासीच्या पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला. बाजूच्या धडकेत ती जागा धोक्याची, म्हणून अमेरिकेत पुढे मोठा वाद झाला. तेव्हा तुम्ही टाकी दोन पट्ट्यांच्या मधेच घ्या, मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे.

किती जागा मिळेल? टाकीची जाडी मोजून हुरळून जाऊ नका. केबिनची मागची भिंत सरळ नसते, खिडकीच्या खालची कड पुढे येते आणि सीटच्या पाठीचा वरचा भाग तिथे आधी टेकतो. म्हणून टाकी काढल्यावर सीट नुसती ठेवून पाठ भिंतीला कुठे लागते ते बघा. ते अंतर तुमचं. आता सीटचे रूळ तेवढे मागे घ्यायचे, म्हणजे जमिनीच्या पत्र्यात नवी भोकं पाडायची. तिथे पत्र्याला उंचवटे असतात, रूळ तिरके बसले तर सीट सरकताना अडकते. खाली सपाट पट्टी देऊन चारही टेकू एका पातळीत आणा आणि मगच भोकं पाडा.

टाकीच्या कामात लोक तीन ठिकाणी फसतात. पहिलं गेज, म्हणजे पेट्रोलचा काटा. जनरल मोटर्सची १९६५ नंतरची गेजं साधारण ० ते ९० ओहमवर चालतात, त्याआधीची ० ते ३० वर, आणि जुन्या फोर्डची उलटी: रिकामी टाकी ७३, भरलेली १०. नव्या टाकीबरोबर आलेला सेंडर (टाकीतली पातळी गेजला कळवणारा भाग) तुमच्या गेजशी जुळतो का, ते मल्टिमीटर लावून आधीच बघा. फोर्डचा सेंडर शेवरोलेच्या गेजला जोडलात तर टाकी काठोकाठ भरल्यावर काटा तळाला जाईल, आणि टाकी संपत येईल तसा वर चढेल. दुसरं हवेची नळी. टाकीला श्वास घ्यायला वाट हवी, आणि गाडी उलटली तर त्याच वाटेनं पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून त्यात रोलओव्हर व्हॉल्व्ह हवा. तिसरं भरायची नळी. ती सतत उताराची हवी. मधे झोळ पडला की पंपावर दर वेळी पेट्रोल उलटं येणार. नळ्या सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवा, लांब पल्ल्याला पोलादी नळी आणि सांध्यापुरताच रबर वापरा.

मापं, रूळ, बैठक हे घरी जमेल. जुन्या टाकीला मात्र वेल्डिंगची टॉर्च लावू नका. वर्षभर रिकामी पडलेली टाकीसुद्धा आत वाफ धरून असते आणि ती टाकी फोडायला पुरेशी असते.

केबिनच्या बाजूला राहिलेलं भरायचं भोक बुजवू नका, असं मी सुचवेन. झाकण तसंच ठेवा. गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची कुणाला हुक्की आली तर तो तुमचे आभार मानेल.

प्रश्न : वर-खाली होणारा टिल्ट कॉलम १९५१ च्या गाडीत बसतो का?

बसतो, पण नुसता कॉलम बदलून भागत नाही. त्या काळच्या गाडीत स्टिअरिंग बॉक्सचा शाफ्टच सरळ वर स्टिअरिंगपर्यंत जातो, मधे सांधा नाही. म्हणजे एक तर बॉक्स बदलायचा किंवा शाफ्ट कापून त्याला सांधा द्यायचा. दुसरा मार्ग ज्याच्या हाताला वेल्डिंगचं पक्कं वळण आहे त्यानंच घ्यावा. हा सांधा सुटला तर स्टिअरिंग हातात राहतं आणि गाडी आपल्या मर्जीनं जाते.

सांधा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. एका जॉइंटचा कोन ३० अंशांच्या आसपास थांबवा. दोन लागले तर मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवा, नाहीतर स्टिअरिंग एकदा जड, एकदा हलकं फिरतं. तिसरा जॉइंट आला की मधल्या शाफ्टला आधाराचं बेअरिंग हवंच, एरवी शाफ्ट लोंबकळतो. गिअरचा दांडा कॉलमवर असेल तर त्याची जोडणीही नव्यानं लावावी लागते, हे बहुतेकांना कॉलम उतरवल्यावर आठवतं.

आणि एवढं करून काय मिळतं? चढता-उतरता मोठं सुख, मांड्यांना मोकळीक. पोटाला फार नाही. पोटासाठी आखूड कॉलम घेऊन स्टिअरिंग डॅशकडे न्या, ते जास्त उपयोगी.

काही जण डॅशखालची कॉलमची पकड सैल करून खाली पट्टी घालतात किंवा काढतात आणि कॉलम जोर लावून हलवतात. मूळ बॉक्स असेल तर तसं करू नका. बॉक्स चासीला घट्ट, वरून कॉलम ओढलेला, मधे शाफ्टला पीळ बसतो. आधी बॉक्सचे बोल्ट सैल करा, कॉलम हव्या त्या जागी आपसूक येऊ द्या, बॉक्सखाली पातळ पाचर द्या आणि मग दोन्हीकडे कसा. स्टिअरिंग एका बोटानं फिरलं पाहिजे. पुढची चाकं उचलून बघायची ही परीक्षा.

प्रश्न : माझा बूट मोठा आहे. ब्रेक दाबताना अर्धा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. ब्रेकचं पेडल वाकवून घेऊ?

नको. ब्रेकच्या पेडलची लांबी आणि खिळीची जागा मिळून पायाचा जोर किती पटींनी वाढायचा ते ठरतं. साध्या ब्रेकला ती पट साधारण सहा, बूस्टर असेल तर चारच्या आसपास. दांडा तापवून वाकवलात की ही पट बदलू शकते आणि पोलादाचा कसही जातो. पावलाची पट्टी एका बाजूनं अरुंद करा, अ‍ॅक्सिलरेटरची बिजागरी थोडी उजवीकडे न्या. जमिनीवर डिमरचं पायानं दाबायचं बटण असेल तर तेही थोडं बाजूला सरकवता येतं.

आणि गालिचा उचलून बघा! खाली आवाज दाबायला घातलेले ज्यूटचे आणि रबराचे थर असतील तर तुमच्या टाचा तेवढ्याच वर आलेल्या आहेत. टाच खाली गेली की गुडघा खाली जातो, गुडघा खाली गेला की मांडी स्टिअरिंगपासून सुटते.

प्रश्न : मी सहा फूट एक, पत्नी पाच फूट एक. गाडी दोघं चालवतो. माझ्यासाठी सीट मागे आणि खाली नेली तर तिचा पाय क्लचला पुरत नाही.

जागा सीटला कायमची देऊ नका, रुळांना द्या. मूळ रुळांची सरक बरेचदा अपुरी असते. नव्या गाडीच्या सीटचे लांब रूळ बसवा आणि पुढच्या बाजूला थोडा चढ द्या, म्हणजे सीट पुढे सरकताना वरही येईल. त्यांच्यासाठी पाठीमागे घट्ट उशी चालेल, पण ती पट्ट्यांनी बांधलेली हवी. पेडलला लाकडाचा ठोकळा बांधायचा विचार मात्र सोडून द्या. तो सटकून ब्रेकखाली गेला की ब्रेक लागणारच नाही.

प्रश्न : केबिनच मधून कापून सहा इंच लांब करून घेतली तर?

छत, जमीन, मागचे कोपरे, आणि मग हौदाही मागे सरकवायचा किंवा आखूड करायचा. फार सुंदर झालेली कामं मी पाहिली आहेत, अर्धी कापून कोपऱ्यात पडलेलीही. टाकी आणि सीट करून झाल्यावरही मावत नसाल तर मोठ्या केबिनची गाडी शोधा.

प्रश्न : नव्या गाडीच्या दोन सुट्या सीट मिळाल्या आहेत. पातळ पाठीच्या आहेत. बसवताना काय बघू?

आधी उंची. नव्या सीट उंच पायांवर असतात. मूळ सीटपेक्षा वर बसलात तर पाठीत मिळालेलं सगळं मांडीत गेलं. पाय कापण्याऐवजी नवी चौकट करून घ्या.

मग सीटबेल्टचा पट्टा. काही नव्या सीटमध्ये पट्ट्याचा खटका सीटलाच जोडलेला असतो. धडकेत तुमचा भार सीटच्या बोल्टवर येतो, आणि जुन्या केबिनची जमीन त्या ओढीसाठी केलेली नाही, तिथला पत्रा कागदासारखा फाटतो. प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या उलट बाजूनं तळहाताएवढी जाड पोलादी पट्टी द्या, कोपरे गोल करून. पट्ट्याचा ठरलेला बोल्ट ७/१६ इंची, बारीक आट्यांचा, २० आटे इंचाला. डब्यात सापडलेला कुठलाही बोल्ट तिथे नको. कसताना खालून कुणीतरी पट्टी धरा, कारण ती फिरली की तिचा कोपरा पत्र्यात रुततो आणि पुढच्या वर्षी तिथूनच गंज धरतो.