मन नको म्हणत असताना केलेली सेवा ढोंगीपणाची ठरते का?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही नेमाने उपासनेला जाता. पण आजाऱ्याच्या भेटीला जाणे, चर्चमधील सामुदायिक प्रीतिभोजनानंतर भांडी आवरणे किंवा संडे स्कूलची मुले सांभाळणे यासाठी पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तुमचे नाव घेतले की तुमचे मन मागे सरते. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ असे प्रेषित पौल म्हणतो, मग मनाविरुद्ध केलेली सेवा हे ढोंगच नव्हे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते ते ढोंग नाही, आणि मन राजी होईपर्यंत थांबून राहणेही योग्य नाही.

ज्या वचनाचा तुम्ही आधार घेता, ते बायबलमधील, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 9व्या अध्यायात आहे, आणि त्याच्या आधीचा 8वा अध्याय वाचल्याशिवाय ते नीट उमगत नाही. यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी मदत गोळा करण्याचे काम करिंथच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाने, वर्षभर आधी मोठ्या उत्सुकतेने हाती घेतले होते, पण ते तडीस गेले नव्हते. पौल त्यांना ते पुरे करण्यास सांगतो, त्यासाठी आपला सहकारी तीत याला पाठवतो आणि स्वतः हलाखीत असूनही ऐपतीबाहेर देणाऱ्या मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवतो. म्हणजे ज्यांचा उत्साह ओसरला होता अशा माणसांना पुन्हा कामाला लावण्यासाठी लिहिलेल्या मजकुरातले हे वचन आहे. कोणाकडून बळजबरीने काही घेऊ नये असे ते नक्कीच सांगते. परंतु मन लागत नाही म्हणून काम सोडून द्यावे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

याहून थेट उत्तर मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या एका दाखल्यात आहे. द्राक्षमळ्यात जाण्यास सांगितल्यावर एका मुलाने वडिलांना नकार दिला, पण नंतर पस्तावून तो गेला. दुसऱ्याने आदराने होकार दिला आणि तो गेलाच नाही. वडिलांच्या इच्छेप्रमाणे कोण वागला, एवढेच येशू विचारतो. गोष्टीत ढोंग आहे ते त्या गोड होकारात. ज्याने नकार दिला त्याला मळ्यात पोहोचल्यावर आनंद वाटला की नाही, हे येशू सांगत नाही, आणि माझ्यासारख्याला त्या मौनाचा फार आधार वाटतो.

आता ही अनिच्छा कशाची आहे, हे मात्र तुम्ही स्वतःला विचारायला हवे, कारण प्रत्येक अनिच्छेवर एकच उपाय चालत नाही. काही वेळा तिच्यामागे कमीपणा वाटणे असते. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांमध्ये मोठा कोण यावरून वाद झाल्याचे लूक नोंदवतो, आणि त्याच रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचे योहान सांगतो. भांड्यांच्या ढिगापुढे हे आठवले तर पुरे. मात्र पुष्कळदा खरे कारण भीती हेच असते: आजाऱ्याशी काय बोलावे, त्याच्या घरच्यांना आपले येणे रुचेल का, एकदा होकार दिला की सगळेच अंगावर पडेल का.

आयडा स्कडर यांचे उदाहरण मला येथे महत्त्वाचे वाटते. त्यांचा जन्म 1870 साली भारतात, मिशनरी डॉक्टरांच्या घराण्यात झाला. लहानपणी त्यांनी इथला दुष्काळ पाहिला होता आणि हे आयुष्य आपल्याला नको, असे त्यांनी ठरवून टाकले होते. अमेरिकेत शिकत असताना आईच्या आजारपणामुळे त्या तमिळ प्रदेशातील तिंडिवनम येथे आल्या, त्याही परत जाण्याच्या विचारानेच. तेथे एका रात्री तीन घरांतले पुरुष एकामागून एक आपल्या बायकांच्या अडलेल्या बाळंतपणासाठी मदत मागायला आले. वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने स्त्रीला तपासणे त्या घरांना मान्य नव्हते, आणि आयडा यांना वैद्यक येत नव्हते. तिन्ही स्त्रिया दगावल्या. आयडा वैद्यक शिकायला गेल्या, 1899 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेऊन 1900 मध्ये परतल्या, आणि वेल्लोरचे आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व रुग्णालय त्यांच्या कामातून उभे राहिले. त्यांना आधी सेवेची ओढ लागली आणि मग काम सापडले, असे झाले नाही. आधी दारात माणसे येऊन उभी राहिली. म्हणूनच, सर्वांवर प्रेम करण्याची शक्ती मागत बसण्यापेक्षा एका माणसाची गरज नीट पाहणे अधिक उपयोगी पडते, असे मी मानतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्या अनेक मंडळ्यांत सगळी कामे त्याच चार-पाच जणांवर येतात आणि ती माणसे थकली की त्यांच्या विश्वासावर बोट ठेवले जाते. हे अन्यायाचे आहे. परतलेल्या प्रेषितांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना एकांती जाऊन विसावा घेण्यास सांगितले, असे मार्काच्या 6व्या अध्यायात आहे. तुमच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील असतील, तर त्यांचे करणे हीदेखील सेवाच आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 5वा अध्याय ते स्पष्ट सांगतो.

तसे नसेल, तर पाळकांनी पुन्हा नाव घेण्याची वाट पाहू नका. तुम्हीच त्यांना भेटा आणि मंडळीतील एकाच एकट्या, वृद्ध किंवा आजारी व्यक्तीचे नाव मागून घ्या. ठरावीक वारी अर्धा तास जाईन, संडे स्कूल मात्र सध्या घेणार नाही, असे मोकळेपणाने सांगा. पहिल्या भेटीत उपदेश करण्याची गरज नाही. औषधे आणायची आहेत का ते विचारा, त्यांची इच्छा असेल तर एखादे स्तोत्र वाचून दाखवा, आणि पुढच्या वेळी कधी येणार ते सांगून निघा.