पिधानकारी युग्मताऱ्यांचा प्रकाशवक्र हाती असताना वर्णपट कशासाठी लागतो?

पन्हाळ्यावरून अल्गोल या पिधानकारी युग्मताऱ्याची, म्हणजे एकमेकांभोवती फिरताना आळीपाळीने एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीची, तेजस्विता मोजून तुम्ही प्रकाशवक्र (वेळेनुसार तेज कसे बदलते याचा आलेख) काढला आहे आणि एवढ्यावरून ताऱ्यांची वस्तुमाने का मिळत नाहीत, असे विचारले आहे. कोल्हापुरात पदवीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवताना मला हा प्रश्न फार मोलाचा वाटत आला आहे.

प्रकाशवक्रातून मिळतात ती मुख्यतः गुणोत्तरे: ताऱ्यांच्या त्रिज्या त्यांच्यातील अंतराचा कितवा भाग आहेत, दोघांच्या पृष्ठतेजाचे प्रमाण काय आहे, आणि त्यांच्या जोडीने कक्षेचा कल. मात्र ते अंतर दहा लाख किलोमीटर आहे की दहा कोटी, हे वक्र सांगत नाही. ती मोजपट्टी वर्णपट, म्हणजे रंगांत विभागलेला प्रकाश, देतो, कारण तारा आपल्याकडे येताना त्याच्या शोषणरेषा (वर्णपटातील काळ्या रेषा) निळ्या बाजूला व दूर जाताना तांबड्या बाजूला सरकतात, आणि हे सरकणे मोजले की वेग थेट सेकंदाला इतके किलोमीटर असा कळतो.

सारथी तारकासमूहातील बीटा तारा घ्या. १८८९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत अँटोनिया मॉरी यांना त्याच्या रेषा ठरावीक काळाने दुहेरी होताना आढळल्या. आवर्तनकाल ३.९६ दिवसांचा आणि प्रत्येक ताऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे सापेक्ष वेग २२०. त्याला आवर्तनकालाने गुणून २π ने भागल्यास अंतर सुमारे १ कोटी २० लाख किलोमीटर येते, आणि अंतर, आवर्तनकाल आणि वस्तुमान यांना जोडणाऱ्या केप्लरच्या तिसऱ्या नियमाने एकूण वस्तुमान सूर्याच्या साडेचार पटींच्या आसपास भरते. वेग जवळजवळ सारखे असल्याने त्याची वाटणीही जवळजवळ समान होते. अर्थात कक्षा आपल्याकडे किती कललेली आहे हे वर्णपटाला कळत नाही. ते पिधानांवरूनच ठरवावे लागते, म्हणून तुमचा प्रकाशवक्र वाया जात नाही.

अल्गोलपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याच्या मंद सोबत्याच्या रेषा मुख्य ताऱ्याच्या प्रकाशात बुडून जातात. बीटा सारथी जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळनंतर आपल्याकडून उत्तरेला चांगला उंच दिसतो. वर्णपट पिधानाच्या वेळी घेऊ नका. तेव्हा तारे दृष्टिरेषेला आडवे जात असल्यामुळे रेषा एकमेकींत मिसळतात. दोन पिधानांच्या मधोमध मॅग्नेशियमची ४४८१ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) तरंगलांबीची रेषा सुमारे ३.३ अँगस्ट्रॉमने दुभंगते. हायड्रोजनच्या रेषा फार रुंद असल्याने त्यांवर वेग मोजणे अवघड जाते. दुर्बिणीच्या नेत्रिकेत बसवायच्या, प्रकाश रंगांत विभागणाऱ्या साध्या विवर्तन जाळीने हे दुभंगणे दिसणार नाही, त्यासाठी फट असलेला वर्णपटलेखकच लागेल.