रक्तातल्या ७-कीटोकोलेस्टेरॉलचा आकडा दर वेळी वेगळा का येतो?

७-कीटोकोलेस्टेरॉल म्हणजे कोलेस्टेरॉल ऑक्सिडाइज होऊन बनणारा पदार्थ. बहुतेकदा गडबड नमुना हाताळताना होते. प्लाझ्मात साधं कोलेस्टेरॉल याच्या हजारो पट असतं. त्यातला किंचित भाग जरी हवेत ऑक्सिडाइज झाला, तरी आकडा फुगतो. मेंदूत सीवायपी४६ए१ हे एन्झाइम बनवतं त्या २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉलला हा त्रास फारसा नाही.

प्लाझ्मा लगेच वेगळा करून बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घाला, उणे ८० अंशांवर ठेवा. साबणीकरण (अल्कलीनं एस्टर तोडणं) गरम अल्कलीत अजिबात नको, त्यात ७-कीटो मोडतं.

तुलनेसाठी ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेलं) ७-कीटो मिसळलंत तरी ते फक्त प्रक्रियेत झालेली घट भरून काढतं, नव्यानं बनलेलं पकडत नाही. म्हणून एका वेगळ्या नळीत ड्युटेरियमयुक्त कोलेस्टेरॉल घालून तीच प्रक्रिया करा. मास स्पेक्ट्रोमीटरवर जड ७-कीटो वाढलेलं दिसलं, तर ऑक्सिडेशन तुमच्याच प्रयोगशाळेत झालंय.